परतीचा दोर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत कोणी पाककृती देते, कोणी यात्रेचे वर्णन लिहिते, कोणी माहेरच्या ओव्या आठवून देते. यंदा चिटणीसबाईंनी मला लिहावयास सांगितले तेव्हा मी म्हटले, "माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय लिहिणार?" त्या म्हणाल्या, "वर्षभर ज्या गोष्टीने तुमची झोप उडवली, तीच लिहा की!" म्हणून हा लेख कडे चढण्याच्या विद्येवर आहे. शिवण-टिपण आणि हळदीकुंकवाच्या पानांत हा विषय कोठून आला, असे पुष्कळ भगिनींना वाटेल. पण शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

झोप उडण्याचे कारण असे. माझी धाकटी मुलगी कॉलेजात जाते. मागच्या दिवाळीनंतर ती एके दिवशी म्हणाली, "आई, मुंब्र्याला कडा चढावयास शिकवतात. मी जाऊ?" मी एका शब्दात नाही म्हणून सांगितले. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझा पुतण्या आणि त्याचे तीन मित्र घरी न सांगता एका डोंगरावर गेले होते. मोबाइलवर कोणाची तरी चित्रे पाहून ते गेले. वर चढताना काही वाटले नाही. उतरावयाची वेळ आली तेव्हा पाय कोठे ठेवावा हेच दिसेना. शेवाळलेल्या दगडावरून पुतण्याचा पाय सटकला आणि तो दहा-बारा फूट खाली कपारीत पडला. गावकऱ्यांनी त्याला झोळीत घालून आणले. तीन महिने पाय प्लास्टरमध्ये होता. जाऊबाईंचा त्या दिवसांतला चेहरा मी विसरलेली नाही.

मुलीला मी तेच सांगितले. ती म्हणाली, "आई, तो पडला, कारण त्याला कोणी शिकवले नव्हते. मला शिकावयाचे आहे, म्हणून तर तुला विचारते आहे." यावर मला उत्तर सुचले नाही. मी तिला म्हटले, "दोन महिने थांब. मला हे काय आहे ते समजून घेऊ दे." मग वाचनालयातून पुस्तके आणवली, जाणत्या माणसांना विचारले आणि मुलीकडून काही वाचून घेतले. त्यातून जे समजले ते आपणापुढे मांडते.

आपल्या बोलण्यात एक शब्दप्रयोग आहे, 'परतीचे दोर कापणे'. हा आपण कौतुकाने वापरतो. त्याचे मूळ सिंहगडाच्या लढाईत आहे, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकीस ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कोंढाण्याचा कडा चढून गेले. यशवंती घोरपडीला दोर बांधून ती कड्यावर चढवली, असे परंपरा सांगते. घोरपडीची गोष्ट पोवाड्यांतून आणि लोकांच्या तोंडून आपल्यापर्यंत आली. अभ्यासक तिला आख्यायिका म्हणतात. पण मावळे रात्री कडा चढून गडात शिरले, तानाजी पडले आणि गड मिळाला, याविषयी वाद नाही. तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजींनी 'दोर कापून टाकले आहेत, आता लढा नाही तर कड्यावरून उड्या टाका' असे म्हणून त्यांना परतवले, हीही परंपरेचीच गोष्ट.

लढाईत हे शोभले. तेथे गड घेणे हाच हेतू होता. परंतु आपण तो शब्दप्रयोग लढाईतून उचलला आणि साऱ्या धाडसालाच लावून ठेवला. माझ्या पुतण्याने आणि त्याच्या मित्रांनी तरी दुसरे काय केले? त्यांनी परतीचा दोर कापला नाही एवढेच. कारण त्यांच्याजवळ दोरच नव्हता.

माझे माहेर महाड तालुक्यातले. रायगड आमच्या गावाहून लांब नाही. त्यामुळे दुसरी गोष्ट मी आजीच्या मांडीवर ऐकली, ती हिरकणीची. गडावर दूध विकावयास गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल आणि अंधारात उतरलेला कडा. हीही आख्यायिकाच, परंतु हिरकणी बुरूज आजही रायगडावर आहे. लहानपणी मला हिरकणी शूर म्हणूनच ठाऊक होती. आता या वयात गोष्टीचा शेवट नीट आठवून पाहिला. महाराजांनी तिचा सत्कार केला, पण 'बाकीच्यांनीही असेच उतरावे' असे ते म्हणाले नाहीत. जेथून ती उतरली तेथे त्यांनी बुरूज बांधून घेतला. गडाच्या रक्षणासाठी तो बांधला हे खरेच, तरी त्या बुरजामुळे दुसऱ्या कोणा आईवर तशी वेळ येण्याची वाटही बंद झाली. सत्कार आणि बंदोबस्त दोन्ही एकाच वेळी करता येतात, हे मला या गोष्टीत दिसले.

आपल्या सह्याद्रीत इतके कडे का, असा प्रश्न मुलीने मला विचारला. उत्तर असे सापडले की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस वर आला, थरावर थर पसरत गेले आणि थंड होऊन काळा दगड झाला. तोच हा सह्याद्रीचा कातळ. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सुमारे २०० फूट उंच उभा खडकही त्याच काळातला. या थरांमुळे आपल्या डोंगरांना पायऱ्यांसारखे उभे टप्पे पडले आहेत. पूर्वजांनी त्या टप्प्यांवर गड बांधले आणि वर जाण्यासाठी कातळात पायऱ्या खोदल्या. १८१८ साली पेशवाई संपली, तेव्हा इंग्रजांनी गड पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून पुष्कळ ठिकाणच्या पायऱ्या सुरुंगाने तोडल्या. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवरील अलंग आणि मदन या गडांवर जाताना तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी आजही दोर लावावा लागतो. म्हणजे जेथे पूर्वी पाण्याची कळशी घेऊन बाया जात असतील, तेथे आज दोराची विद्या शिकूनच जावे लागते.

ही विद्या पुस्तकात आली ती विलायतेकडून. तिकडचा एक अपघात सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर मॅटरहॉर्न नावाचे १४,६९२ फूट उंचीचे टोकदार शिखर आहे. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा सोबती प्रथमच त्यावर पोहोचले. वर पोहोचेपर्यंत सारे सुखरूप होते. उतरताना त्यांच्यातील सर्वांत नवख्या तरुणाचा पाय घसरला आणि त्याच्याबरोबर आणखी तिघे ओढले गेले. सातही जण एका माळेत बांधलेले होते. मधला दोर तुटला, चौघे दरीत गेले, तिघे वाचले. मागाहून चौकशीत कळले की, तुटलेला दोर त्यांच्याजवळच्या सर्व दोरांत कमजोर होता. चांगले दोर बरोबर असताना तो वापरला गेला. तो तुटलेला तुकडा तेथील झरमॅट गावच्या संग्रहालयात ठेवलेला आहे.

या हकिकतीत माझे मन दोन गोष्टींनी धरले. एक, अपघात उतरताना झाला. दुसरी, चूक पायाची होती, पण जीव दोराने गेले. घसरणारा पाय कोणाचाही असू शकतो. माझा भर बाजारात घसरतो. पाय घसरला तरी माणूस राहावा, एवढ्यासाठी तर दोर असतो.

त्या काळचे दोर वाखाचे असत. आपल्या विहिरीवरच्या दोरासारखेच ते भिजले की जड होत, आतून कुजत आणि वरून चांगले दिसत. त्यामुळे पहिला चढणारा पडलाच तर दोर त्याला धरीलच, असा भरवसा नसे. 'पुढच्याने पडावयाचेच नाही' हा त्या लोकांचा नियम होता. दुसरा उपायच नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉनचे दोर आले. १९५३ साली जर्मनीतील एडेलरिड या कारखान्याने आत ताण घेणारे धागे आणि वर विणलेले आवरण, असा दोर काढला. हल्ली चढाईला वापरतात तो दोर याच जातीचा. माणूस पडला की तो थोडा ताणला जातो आणि झटका कमी करतो. म्हणून कपडे वाळत घालावयाची दोरी किंवा सामान बांधावयाचा सुंभ कितीही जाड असला, तरी या कामाचा नव्हे. १९३२ साली स्थापन झालेला गिर्यारोहण संस्थांचा जागतिक संघ अशा दोरांची आणि इतर साधनांची कसोटी ठरवतो आणि त्यावर आपली खूण देतो. आपण दागिन्यावर हॉलमार्क पाहतो, तशी ही खूण पाहून घ्यावयाची.

ज्या १९५३ साली हा दोर निघाला त्याच साली, २९ मे रोजी, तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. आपल्या देशात त्या वेळी उत्साहाचे भरते आले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढच्या वर्षीचे काम. ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट ही शाळा सुरू झाली. तेनसिंग तेथे प्रत्यक्ष शिक्षणाचे प्रमुख झाले. परंतु त्याआधी त्यांना आणि काही शेर्पा सोबत्यांना कसे शिकवावे हे शिकण्यासाठी स्वित्झर्लंडला पाठवण्यात आले होते. भगिनींनो, जगातल्या सर्वांत उंच शिखरावर जाऊन आलेला माणूस दुसऱ्याला शिकवण्यापूर्वी स्वतः विद्यार्थी होऊन बसला. चढता येणे निराळे आणि शिकवता येणे निराळे. आपल्यांत उत्तम पुरणपोळी करणाऱ्या कितीतरी आहेत. पण सुनेला न रागावता ती शिकवणाऱ्या किती आहेत, हे ज्याचे त्याने मोजावे!

त्याच १९५४ साली आपल्या मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था स्थापन झाली. मुंबईतील गिर्यारोहणाच्या जुन्या संस्थांत तिचे नाव अग्रभागी आहे. पुढे १९६५ साली उत्तरकाशीला पंडित नेहरूंच्या नावाने दुसरी मोठी शाळा निघाली. हिमालय दूर, पण सराव करावयास मुंबईकरांना मुंब्र्याच्या देवीच्या डोंगराचे कडे जवळचे होते. शीवला धीम्या लोकलमध्ये बसावे आणि ठाणे, कळव्यानंतर उतरावे, एवढाच प्रवास. मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी पहिले धडे तेथे गिरवले.

शिक्षण घेतले म्हणजे धोका संपला असेही नाही. दार्जिलिंगच्या शाळेचे पहिले प्राचार्य मेजर नंदू जयाल हे १९५८ साली चो ओयू शिखराच्या मोहिमेवर असताना उंचीवरच्या आजाराने वारले. त्या मोहिमेचे प्रमुख मुंबईचे केकी बनशा होते. मोहीम यशस्वी झाली, पण शिक्षकच परत आले नाहीत. अलीकडे, २०२० च्या जानेवारीत, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंत या अतिशय अनुभवी गिर्यारोहकाचा मृत्यू झाला. त्यांनी आयुष्यभर कडे पाहिले होते. हे मी मुलीला मुद्दाम वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणूनच आमच्याकडे रोज पहिल्या दिवसासारखे तपासतात."

स्त्रियांचे काय, असे कोणी विचारील. १९७५ सालच्या १६ मे रोजी जपानच्या जुंको ताबेई एव्हरेस्टवर पोहोचल्या. तेथे पोहोचणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री. त्यांनी १९६९ साली बायकांचे गिर्यारोहण मंडळ काढले होते. आपल्यासारखेच मंडळ! मोहिमेसाठी पैसे पुरेनात, म्हणून त्या मुलांना पियानो शिकवीत. मोटारीच्या आसनांची जुनी आवरणे कापून त्या मंडळातील बायकांनी पिशव्या आणि हातमोजे शिवले. घरी लहान मुलगी होती. शिखरावर पोहोचण्याच्या बारा दिवस आधी त्यांचा तंबू बर्फाच्या लोटाखाली गाडला गेला होता. शेर्पांनी त्यांना ओढून बाहेर काढले. आपल्या देशाच्या बचेंद्री पाल २३ मे १९८४ रोजी पोहोचल्या. त्या उत्तरकाशीच्या शाळेत शिकलेल्या. त्यांच्याही छावणीवर आठवडाभर आधी बर्फ कोसळले होते. पुण्याची कृष्णा पाटील २००९ साली एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्टवर गेली. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांतले पाच विद्यार्थी तेथे पोहोचले. त्यांत एक मुलगी होती. ही मुले एकदम हिमालयात गेली नाहीत. आधी कित्येक महिने त्यांना शिकवून, निवडून, मगच नेले होते.

इतके सारे वाचून झाले तरी माझ्या मनाची समजूत पटेना. शेवटी एका रविवारी मी मुलीबरोबर मुंब्र्याला गेले. 'आई बरोबर आली' म्हणून तिला थोडी लाज वाटली, पण मी लक्ष दिले नाही.

माहेरी उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढीत. माझे आजोबा कमरेला दोर बांधून खाली उतरत. उतरण्यापूर्वी ते काठावर थांबत आणि नेहमी एकच विचारीत, "दोराला कोण आहे?" नाव ऐकून पटले तर उतरत, नाही तर बसून राहत. दोर जाड आहे का, हे ते आदल्या दिवशीच पाहून ठेवीत. काठावर प्रश्न एवढाच. मुंब्र्याच्या कड्याखाली उभी राहिले आणि आजोबांचा तो प्रश्न मला आठवला.

तेथे जे पाहिले ते क्रमाने सांगते. प्रथम सर्वांच्या डोक्यावर हेल्मेट. मला वाटले, पडल्यावर लागू नये म्हणून असेल. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यासाठीही, पण मुख्य म्हणजे वरून दगड येतात." म्हणून खाली उभे असणाऱ्यांनीही ते घालावयाचे; मलाही एक दिले. मग कमरेला आणि मांड्यांना पट्टे, त्याला ते हार्नेस म्हणतात. त्यात दोर ओवून आठाची गाठ मारतात. मी विचारले, "आठ कोठे दिसतो?" तर मुली हसल्या. आपला मराठी आठ नव्हे, इंग्रजी आठ! ती गाठ दुसरीने हात लावून तपासली, हिने तिची तपासली. 'मी रोज मारते' ही सबब चालत नाही.

दोर कड्याच्या वरून सोडलेला होता. वर तो दोन निरनिराळ्या ठिकाणी बांधलेला. एक आधार सुटला तरी दुसरा राहावा. दोराचे एक टोक चढणाऱ्या मुलीला आणि दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या मुलीच्या कमरेच्या साधनातून गेलेली. या खालच्या मुलीला 'बिलेअर' म्हणतात. वरची चढेल तसा ही दोर आत ओढून घेते. वरचीचा हात सुटला तर दोर तेथेच अडकतो आणि ती लोंबकळत राहते, पडत नाही.

माझी मुलगी चढू लागली तेव्हा दोराला एक किडकिडीत मुलगी होती. माझ्या काळजात धस्स झाले. मी जवळ जाऊन विचारले, "अगं, तुझ्याच्याने पेलेल का ती?" ती मुलगी माझ्याकडे न पाहता, वरच पाहत म्हणाली, "काकू, आत्ता बोलू नका. ती खाली आली की सांगते." मी गप्प मागे सरले. भगिनींनो, खरे सांगते, त्या एका वाक्याने माझी भीती जेवढी कमी झाली तेवढी सगळ्या पुस्तकांनी झाली नव्हती. जी मुलगी हातात माझ्या लेकीचा दोर असताना तिच्या आईशीसुद्धा बोलावयास तयार नाही, तिच्या हाती दोर असलेला मला चालेल. दोराला कोण आहे, हे मला कळले.

मुलगी निम्म्यावर अडकली. तिचा हात सुटला आणि ती वीतभर खाली येऊन दोराला लोंबकळू लागली. माझ्या तोंडून 'आई गं!' निघाले. ती वरून हसली, पुन्हा खोबण शोधली आणि चढली. खाली आल्यावर किडकिडीत मुलीने मला समजावून सांगितले की, दोर साधनातून वळून जातो, त्यामुळे हाताला थोडेच बळ लागते. लक्ष मात्र सारे लागते.

नंतर उतरावयाचा धडा होता. दोरावरून स्वतः सरकत खाली येण्याला रॅपलिंग म्हणतात. पाहणाऱ्याला हे सोपे आणि गमतीचे वाटते. बाई मुलांना म्हणाल्या, "चढताना तुम्ही घाबरलेले असता म्हणून सावध असता. उतरताना वाटते, झाले आता. अपघात तेथे होतात." त्यांनी दोराच्या खालच्या टोकाला मोठी गाठ मारून दाखवली. दोर जमिनीपर्यंत पोहोचत नसेल आणि टोकाला गाठ नसेल, तर उतरणारा दोराच्या टोकावरून खाली निसटतो. मला लगेच उमगले. धाग्याला गाठ न मारता शिवावयास बसले तर पहिलाच टाका निघून जातो. येथे टाक्याच्या जागी माणूस असतो.

आणखी काही नियम तेथे ऐकले. पावसाळ्यात ओल्या कातळावर शिकावयास नेत नाहीत. थंडीचे दिवस उत्तम. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला जावयाचेच नाही, धूर आणि आरडाओरडा करावयाचा नाही. कोठे गेलो आणि कधी परतणार हे घरी लिहून ठेवावयाचे. आणि शिक्षकाने 'आज पुरे' म्हटले की पुरे, कड्याशी हट्ट नाही.

शासनानेही या बाबतीत नियम केले आहेत, आणि त्यांच्यामागे आईबापच आहेत हे सांगितले पाहिजे. हिमालयात आपला मुलगा गमावलेल्या एका दांपत्याने, दुसऱ्यांची मुले तरी सुरक्षित राहावीत म्हणून, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यानंतर नियमांचे काम सुरू झाले आणि बऱ्याच चर्चेनंतर २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने साहसी पर्यटनाचे धोरण काढले. अशा सहली नेणाऱ्यांनी नोंदणी करावी, शिकवणारे शिकलेले असावेत, साधने योग्य असावीत, असा त्याचा रोख आहे. दुःख उराशी धरून बसण्याऐवजी त्या आईबापांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी बुरूज बांधला, असेच मी म्हणेन.

ही विद्या निव्वळ हौसेची आहे असेही नाही. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत कोसळली. भर पावसात त्या दरीत दोर टाकून उतरले आणि मृतदेह वर आणले, त्यांत महाबळेश्वर आणि आसपासचे गिर्यारोहक होते. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'ची मुलेही अडकलेल्यांना सोडवावयास रात्री-अपरात्री जातात. सुटीच्या दिवशी दोर धरावयास शिकलेले हात असे उपयोगी पडतात. आणि खेळ म्हणूनही हे आता लहान राहिलेले नाही. २०१६ आणि २०१७ साली आपल्या नवी मुंबईत या खेळाच्या विश्वचषकाच्या स्पर्धा झाल्या, आणि २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तो प्रथम खेळला गेला.

आपल्या अँटॉप हिलच्या नावातच टेकडी आहे. आपली मुले भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, टेकडीच्या उतारावर चढावयाची थांबणार नाहीत. 'चढू नको' म्हणून आपण शंभरदा सांगतो, ती शंभरदा चढतात. फक्त आपल्याला सांगत नाहीत. पुतण्याने तेच केले. न सांगता जाणाऱ्या मुलापेक्षा विचारून शिकावयास जाणारी मुलगी बरी, हे मला उशिरा कळले. तेव्हा आपले मूल विचारावयास आले तर एकदम नाही म्हणू नये आणि एकदम हो देखील म्हणू नये. शिकवणार कोण, ते स्वतः कोठे शिकले, एका शिक्षकामागे मुले किती, दोर कधीचा आणि कसोटीची खूण असलेला आहे का, कोणाला इजा झाली तर खाली कसे आणणार, हे विचारावे. उत्तर देताना जो रागावतो किंवा 'काही होत नाही हो' असे हसून सांगतो, त्याच्याकडे पाठवू नये. जो शांतपणे सारे दाखवतो, त्याच्याकडे पाठवावे. जमल्यास एकदा स्वतः जाऊन पाहावे.

मुलगी आता महिन्यातून एखाद्या रविवारी जाते. मी तिला डबा देते. 'जपून जा' असे मी पूर्वी म्हणत असे. आता दारात उभी राहून विचारते, "दोराला कोण आहे?" ती नाव सांगते आणि जाते. ती परत येईपर्यंत माझे लक्ष घड्याळाकडे असते, ते काही सुटलेले नाही, सुटणारही नाही. गेल्या महिन्यात पुतण्याही तिच्याबरोबर गेला. त्याचा पाय आता बरा आहे. जाऊबाईंनी आधी मला विचारले, मग त्याला हो म्हटले. पहिल्या दिवशी त्याला चढू दिले नाही म्हणून तो थोडा हिरमुसला. दिवसभर त्याला फक्त गाठ मारावयास आणि दुसऱ्याचा दोर धरावयास शिकवले. जाऊबाई म्हणाल्या, "हे आधी शिकला असता तर?" मी म्हटले, "आता शिकतो आहे, हे काय थोडे आहे?"